वनविहार की वनवास?

उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे बेलापूर, नेरूळ, पनवेल येथील घरांतून शिबिरांच्या जाहिराती वाचल्या जाऊ लागतात. डोंगर, तंबू व रात्रीची शेकोटी ही मुलांस आवडतात आणि हितकरही असतात. परंतु एखाद्या घरी निराळाच विचार चाललेला असतो : 'मुलगा ऐकत नाही, महिनाभर रानात हाल सोसू दे, म्हणजे ताळ्यावर येईल.' या विचाराचा परदेशी काय परिणाम झाला, हे पालकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे. आणि ज्या विद्यार्थ्यांस लघुचित्रपट काढण्याची हौस आहे, त्यांसही हा विषय चिंतनीय आहे.

अमेरिकेतील युटा संस्थानात ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने १९६८ च्या सुमारास अभ्यासात मागे पडलेल्या विद्यार्थ्यांस वाळवंटात नेऊन स्वावलंबन शिकविण्याचा उपक्रम आरंभिला. पुढे या कल्पनेचा व्यापार झाला. १९८८ मध्ये स्टीव्ह कार्टिसानो यांनी तेथेच 'चॅलेंजर फाउंडेशन' काढले. पालकांच्या संमतीने मुलांस रात्री बिछान्यातून उठवून नेण्यात येई व ६३ दिवस वाळवंटात ठेवण्यात येई. १९९० मध्ये तेथे १६ वर्षांची एक मुलगी उष्माघाताने मरण पावली. कार्टिसानो यांच्यावर खटला झाला. १९९२ मध्ये ते निर्दोष सुटले. या संस्थेतील मुलांनी प्रौढपणी सांगितलेल्या हकीकती २०२३ च्या 'हेल कॅम्प' या अनुबोधपटात आहेत.

१९९४ मध्ये युटातीलच दुसऱ्या एका संस्थेत १६ वर्षांचा मुलगा पोटदुखीची तक्रार करीत राहिला. ते ढोंग समजले गेले, आणि पोटातील व्रण फुटून तो दगावला. २००७ मध्ये अमेरिकन सरकारच्या तपासणी कचेरीने अशा खासगी संस्थांतील १९९० ते २००४ या काळातील १० मृत्यूंची छाननी केली. तीत अप्रशिक्षित नोकरवर्ग, अपुरे अन्न व निष्काळजीपणा हे दोष आढळले. तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात १२ वर्षांचा एक मुलगा शिबिरात आल्यापासून एका दिवसाच्या आत गुदमरून मेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संस्थांतील बालछळाविरुद्ध तेथे राष्ट्रीय कायदा झाला.

यात रानाचा दोष नाही. कर्नाळ्याचा किल्ला चढून आलेला विद्यार्थी थकलेला असतो, पण आनंदी असतो. कारण तो स्वेच्छेने गेलेला असतो, सोबती व मार्गदर्शक ओळखीचे असतात, आणि पाय मुरगळला तर त्याचे म्हणणे कोणी खोटे मानीत नाही. वरील शिबिरांत या तिन्ही गोष्टी हिरावून घेतल्या गेल्या : संमती, घराशी संबंध आणि तक्रारीवरील विश्वास. ज्या मुलाच्या दुखण्यास ढोंग म्हणतात, त्याचे खरे दुखणेही कळत नाही. आणि ज्यास आईबापांच्याच संमतीने अपरिचित माणसे उचलून नेतात, त्याचा घरावरील भरवसा उडतो. भीतीने शिकविलेली आज्ञाधारकता पहारा उठताच संपते.

विद्यार्थ्यांनी यावर चित्रपट काढावयाचे ठरविल्यास मारहाणीची भडक दृश्ये रंगविण्याची गरज नाही. मुलाने लिहिलेले पत्र घरी पोहोचत नाही, एवढेच दाखविले तरी पाहणाऱ्यास पुष्कळ कळेल. मात्र खऱ्या पीडित मुलाचे नाव, चेहरा वा शाळा दाखवू नये. आपल्या देशातील बाल न्याय अधिनियम, २०१५ याच्या ७४ व्या कलमाने ते निषिद्ध आहे. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याचा छळ किंवा हेळसांड केल्यास ७५ व्या कलमान्वये तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिक्षणहक्क कायदा, २००९ याच्या १७ व्या कलमाने शाळांतही शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे.

पालकांनी शिबिराची फी भरण्यापूर्वी काही प्रश्न अवश्य विचारावेत. मुलास रोज घरी बोलता येईल काय? आजारी पडल्यास वैद्य किती अंतरावर आहे? नेणाऱ्यांस प्रथमोपचार येतात काय? मधेच परत यावेसे वाटल्यास त्यास येऊ देतील काय? आणि या सर्वांआधी एक प्रश्न मुलासच विचारावा : 'तुला जावयाचे आहे काय?' त्याचे उत्तर 'नाही' असे आल्यास रागावू नये. त्याच्याजवळ बसून कारण विचारावे; बहुधा ज्या गोष्टीसाठी त्यास रानात पाठवावयाचे होते, तिचे मूळ त्या बोलण्यातच सापडेल.