आखाताला निघालात? आधी सातबारा बघा!

दापोली-मंडणगडाकडं फिरताना बंद घरं आणि रान माजलेली वरकस जमीन जागोजागी दिसते. लोक हौसेनं जात नाहीत. वाटण्या होऊन हिश्शाला चार-सहा गुंठे येतात, आंबा वर्षातून एकदाच, तोही मोहोरावर तुडतुडा पडला की गेला. उरलंसुरलं वानर-डुकरं नेतात. मग घरातला कर्ता पोरगा पासपोर्ट काढतो.

पण तिकडं बस्तान बसवणं सोपं नाही. दहावी झाली नसेल तर १९८३ च्या कायद्याप्रमाणं आखाती देशांसाठी उत्प्रवास मंजुरी लागते. व्हिसा मालकाच्या हाती. नोकरी सुटली की ठरल्या मुदतीत दुसरी शोधा, नाहीतर देश सोडा. बायकापोरं न्यायला पगाराची अट. पोरं तिथं जन्मली तरी तिथलं नागरिकत्व मिळत नाही. म्हणजे आज ना उद्या परतायचंच, आणि परतायचं ते याच जमिनीवर.

एका घरातले तिघे भाऊ परदेशी, मागं आई वारली. वारस नोंद राहिली आणि विहिरीचं अनुदान हुकलं. हे माझ्याच सजेतलं.

तेव्हा कुलमुखत्यारपत्र जाण्याआधी इथंच नोंदवा. तिकडून पाठवलंत तर भारतीय वकिलातीत साक्षांकित करून, इथं पोचल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक भरावा लागतो. आणि ‘पुढं पैसे आले की घेऊ’ म्हणून जमीन विकू नका. परदेशी रहिवासी ठरलेल्याला शेतजमीन वारसानं मिळते, विकत घेता येत नाही.

महसूलवाल्या मंडळींनाही विनंती, सुट्टीवर आलेल्याचा फेरफार लांबवू नका. त्याची रजा महिनाभराचीच असते.