0.65 की 6.4? मोबाईलचा एक स्क्रू आणि टॉर्कच्या एककांचा घोळ

भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यातला जॉबर बोल्ट आवळताना आकडा बघत नाही. पाना लावायचा, हाताला 'बसला' असं जाणवलं की झालं. बोल्ट जाड असतो, थोडं कमी-जास्त खपून जातं. पण त्याच शहरातल्या मोबाईल दुरुस्तीच्या काउंटरवर मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचा स्क्रू बसवायचा असेल, तर हाताचा अंदाज महागात पडतो. जास्त पिळलं की आटे जातात किंवा स्क्रूचं डोकंच तुटतं. कमी पिळलं तर तो काही दिवसांनी ढिला होऊन आत खुळखुळायला लागतो.

यावर उपाय म्हणजे टॉर्क स्क्रू ड्रायव्हर. ठरवलेला पीळ मिळाला की तो 'टक्' करून सुटतो. मात्र तो किती आकड्यावर लावायचा, इथेच खरी गडबड सुरू होते.

टॉर्क म्हणजे नेमकं काय?

टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. शाळेच्या पुस्तकात त्याला 'बलाचे आघूर्ण' म्हटलेलं असतं. लावलेलं बल आणि आसापासूनचं अंतर यांचा हा गुणाकार. दाराची कडी बिजागरीपासून लांब का असते, त्याचं उत्तर हेच.

ॲपलने 2022 मध्ये अमेरिकेत ग्राहकांनी स्वतः फोन दुरुस्त करण्याची योजना सुरू केली, तेव्हा दुरुस्ती पुस्तिकाही सगळ्यांसाठी खुल्या केल्या. त्यात रंगानुसार टॉर्क ड्रायव्हर सांगितले आहेत. हिरवा 0.45 आणि निळा 0.65 किलोग्रॅमफोर्स सेंटिमीटरचा. हा 0.65 म्हणजे किती? 10 सेंटिमीटर लांबीच्या दांडीच्या टोकाला 65 ग्रॅम वजन टांगलं तर जेवढा पीळ बसेल तेवढा. थोडक्यात, वीतभरही नसलेल्या काडीला एक मोठंसं अंडं लटकवल्यासारखं.

तुलनेसाठी, 1 अश्वशक्तीची, मिनिटाला 1440 फेरे घेणारी मोटर साधारण 50 किलोग्रॅमफोर्स सेंटिमीटर टॉर्क देते. म्हणजे या स्क्रूच्या 75 पटींहून जास्त.

दहाचा फेरा

आता समजा पुस्तिकेत 0.65 लिहिलंय आणि हातातल्या ड्रायव्हरवर न्यूटन सेंटिमीटरचे आकडे आहेत. 1 किलोग्रॅमफोर्स म्हणजे 9.80665 न्यूटन. त्यामुळे ड्रायव्हर 6.4 वर लावावा लागेल. मिलिन्यूटन मीटरमध्ये हाच आकडा 64 होतो आणि न्यूटन मीटरमध्ये 0.064.

सगळा खेळ जवळपास दहाच्या पटीत आहे. त्यामुळे लक्षात ठेवायला सोपा, आणि चुकायलाही तितकाच सोपा. न्यूटन सेंटिमीटरच्या ड्रायव्हरवर नुसतं 0.65 लावलं, तर स्क्रू हवा त्याच्या दहाव्या हिश्श्यानेच आवळला जाईल. न्यूटन मीटरच्या ड्रायव्हरवर 0.65 लावलं, तर दहापट पीळ बसेल आणि आटे गेलेच म्हणून समजा.

मग 9.80665 ऐवजी सरळ 10 ने गुणलं तर? दोन टक्क्यांचा फरक पडतो. आयएसओ 6789 या मानकात एवढ्या लहान टॉर्कच्या हत्यारांना साधारण 6 टक्क्यांपर्यंत चूक चालते. त्यातले दोन टक्के तुम्ही हिशेबातच उडवता. घाईत पडताळणी करायला 10 ठीक आहे, ड्रायव्हरवर आकडा लावताना नाही.

अमेरिकन हत्यार हाती आलं तर वेगळीच पंचाईत. तिथे पाउंड-इंच आणि औंस-इंच चालतात. 1 पाउंड-इंच म्हणजे 16 औंस-इंच, म्हणजेच 11.3 न्यूटन सेंटिमीटर. आपला स्क्रू औंस-इंचात 9 आणि पाउंड-इंचात 0.56 होतो. 0.56 आणि 0.65 दिसायला इतके जवळचे की चूक झाल्याचं कळतही नाही. पाउंड-इंचाच्या ड्रायव्हरवर 0.65 लावलं की 15 टक्के जास्त पीळ. दहापट चूक निदान लगेच दिसते तरी. ही दिसत नाही, म्हणून ती जास्त त्रासदायक.

'किलो/सेंमी' कशामुळे चुकीचं?

इंजिनिअरिंगचे विद्यार्थी प्रोजेक्टसाठी एसजी 90 नावाची छोटी सर्वो मोटर घेतात. ऑनलाइन दुकानांत तिचा टॉर्क बऱ्याचदा '1.8 किलो/सेंमी' असा छापलेला असतो. मधली तिरपी रेघ म्हणजे भागाकार, आणि टॉर्क तर गुणाकार आहे. रेघेवर विश्वास ठेवून कुणी हिशेब केला, की 2 सेंटिमीटरच्या हातावर मोटर 3.6 किलो उचलेल. प्रत्यक्षात ती 0.9 किलोवरच अडेल. तोही मोटर जागीच थांबण्याच्या क्षणाचा आकडा. ती आरामात चालायला हवी तर वजन आणखी कमी ठेवावं लागतं.

बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलच्या गळ्याशी 1 ते 20 असे आकडे असतात. ते कुठल्याच एककात नसतात. एका कंपनीचा 5 आणि दुसरीचा 5 यांचा संबंध नाही, त्यामुळे त्यांचं रूपांतर करायला जाऊ नका.

आकडा बरोबर लावूनही स्क्रू तुटला तर आधी आट्यांकडे बघा. तेल किंवा ग्रीस लागलेलं असेल तर घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच टॉर्कला स्क्रू जास्त ताणला जातो. आटे कोरडे असतील, तर संशय ड्रायव्हरवर घ्यायचा. आयएसओ 6789 नुसार, वापरणाऱ्याने स्वतःची वेगळी तपासणी पद्धत ठरवलेली नसेल तर तो दर 12 महिन्यांनी किंवा 5000 वेळा वापरल्यावर तपासून घ्यायचा असतो, यातलं जे आधी होईल ते.