ऐकणाऱ्याच्या वर्गणीवर

एकेकाळी आपल्याकडे घरात रेडिओ आणला की पोस्टात जाऊन परवाना काढावा लागे. घरातल्या ज्येष्ठांना ते छोटेसे पुस्तक आठवत असेल. पण समजा, परवाना नाही, जाहिराती नाहीत आणि ऐकणे सर्वांना फुकट. मग केंद्राचा खर्च कोणी चालवायचा?

अमेरिकेतील बर्कले येथे १९४९ साली लुईस हिल यांनी ‘केपीएफए’ हे केंद्र सुरू केले, तेव्हा त्यांचे उत्तर साधे होते : ज्याला आवडेल त्याने स्वखुशीने वर्गणी द्यावी. पुढच्याच वर्षी पैसे संपले आणि केंद्र बंद पडले. पण श्रोत्यांनीच पैसे उभे केले आणि १९५१ मध्ये ते पुन्हा बोलू लागले!

१९६७ च्या कायद्याने अशा केंद्रांना सरकारी मदत मिळू लागली, तरी वर्गणीची प्रथा टिकली. वर्षातून काही वेळा निवेदक कार्यक्रम मध्येच थांबवून पैसे मागतात. देणाऱ्याला कप किंवा कापडी पिशवी भेट मिळते. श्रोते मात्र वैतागतात. ज्या कार्यक्रमासाठी मागायचे, त्याचाच रसभंग! म्हणून आता दरमहा थोडी रक्कम खात्यातून परस्पर देणाऱ्या वर्गणीदारांवर केंद्रांचा भर आहे.

खरे तर माणूस पिशवीसाठी देत नाही. सकाळच्या चहाबरोबर जो आवाज रोज लागतो, त्यासाठी देतो. तेव्हा पैसे मागण्याची उत्तम रीत म्हणजे चांगला कार्यक्रम.

पण इथेच एक खाचही आहे. जास्त वर्गणी आणणारे तेवढेच ठेवायचे म्हटले, तर थोड्यांना आवडणारे संगीत आणि गावच्या बातम्या मागे पडतात. शिवाय जिथे वस्तीच तुरळक, तिथे देणारे हात किती असणार? जुलै २०२५ मध्ये अमेरिकी संसदेने दोन वर्षांची सुमारे ११० कोटी डॉलरची मदत रद्द केली. मोठ्या शहरांतील केंद्रांना श्रीमंत श्रोत्यांचा आधार आहे. खरा घाव बसला तो अलास्कासारख्या दूरच्या प्रदेशातील लहान केंद्रांना. तिथे वादळाची, त्सुनामीची सूचना देणारा आवाज अनेकदा तोच असतो.

गावच्या गणेशोत्सवाची वर्गणी आपणही देतो. देणारे घरटी मोजले जातात, पण आरतीला उभे राहायला कुणालाच पावती विचारली जात नाही. रेडिओचेही तसेच असावे. ज्याला परवडते त्याने द्यावे, ते ज्याला परवडत नाही त्याच्याही कानी पडावे म्हणून.