चिखलावरचा रस्ता

पायाखालची जमीन म्हणजे जांभा, असे आम्हां रत्नागिरीकरांस वाटते. सड्यावरून नेलेला रस्ता खरोखरच कातळावर बसलेला असतो. परंतु रस्त्याला खाडी ओलांडावीच लागते. भाट्याला काजळी, जयगडला शास्त्री, दाभोळला वाशिष्ठी समुद्रास मिळते. अशा खाड्यांच्या काठी भरती-ओहोटीने साठवलेला मऊ गाळ असतो. त्यावर मातीचा भराव घालून रस्ता नेला, तर रोजच्या रहदारीखाली त्याचे काय होते, हे पाहू.

भराव एखाद्या अवजड गाडीने मोडतो, अशी आपली समजूत असते. परंतु पुष्कळदा तो मोडतो तो फेऱ्यांच्या संख्येने. गाळाच्या कणांमध्ये पाणी भरलेले असते. वरून चाक गेले, की भार प्रथम या पाण्यावर येतो. वाळूतले पाणी चटकन निसटते; चिकण गाळातले निसटण्यास महिने, कधी वर्षे लागतात. तोवर दुसरे चाक येते, मग तिसरे. दाब साठत जातो, कणांची परस्परांवरील पकड सैल होते आणि भराव तिळातिळाने खचतो. भाताच्या खाचरात चिखलणी करताना एका पावलाने नव्हे, शेकडो पावलांनी जमीन लोण्यासारखी होते, तसेच हे. भार एका मर्यादेच्या आत असेल, तर खचणे दर फेरीस कमी होत जाऊन थांबते. मर्यादा ओलांडली, की ते थांबत नाही.

यावर उपाय म्हणजे भरावाला आतून बळकटी देणे. कल्पना जुनीच आहे. बगदादजवळ अकरकूफ येथील प्राचीन मनोऱ्यात विटांच्या थरांमध्ये बोरूच्या चटया घातलेल्या आहेत. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात फ्रान्सच्या हेन्री व्हिदाल यांनी मातीत धातूच्या पट्ट्या घालण्याची पद्धत रूढ केली; आता प्लास्टिकच्या मजबूत जाळ्याही वापरतात. माती दाब सोसते, ताण सोसत नाही. तो ताण जाळी घेते, भरावाचा तळ बाजूंना पसरू देत नाही आणि चाकाचा भार अधिक रुंद जागेवर वाटून देते.

परंतु जाळी गाळातले पाणी काढीत नाही. त्यासाठी गाळात उभ्या निचऱ्याच्या पट्ट्या रोवाव्या लागतात, जादा माती चढवून काही महिने थांबावे लागते. तेव्हा खाडीकाठचा भराव डांबराविना पडून दिसला, तर तो आळसच असेल असे नाही.

राहिला भाराचा प्रश्न. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर मालमोटारी फिरवून पाहिले, तेव्हा आसावरील भार दुप्पट झाला, तर झीज सुमारे सोळापट होते असे आढळले. भारतात 2018 साली चार चाकांच्या एका आसावरील मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन झाली. भार आठव्या हिश्शाने वाढला. पण वरील हिशेबाने झीज दीडपटीहून अधिक. मर्यादेबाहेर भरलेल्या गाडीचा हिशेब याहून वाईट. हा नियम रस्त्याच्या वरच्या थरांचा आहे. खालच्या गाळाचे गणित निराळे असले, तरी जादा भाराची शिक्षा त्यालाही भोगावी लागते.

म्हणून अशा रस्त्याची राखण एकट्या अभियंत्याला जमणार नाही. गाळाला निचऱ्यास अवधी देणे आणि गाडीत बेताचा माल भरणे, ही दोन कामे आपणा सर्वांची आहेत.