रॉबेन बेटावरचं मैदान

केपटाउनच्या धक्क्यावरून सुटलेली बोट रॉबेन बेटाला लागली की बहुतेकांचे पाय नेल्सन मंडेलांच्या कोठडीकडे वळतात. सत्तावीस वर्षांच्या कैदेतली अठरा वर्षं, १९६४ ते १९८२, त्यांनी या बेटावर काढली. तीन पावलांत संपणारी ती खोली पाहावीच. पण हे बेट मला खरं उलगडलं ते इथल्या फुटबॉलमुळे.

वर्णभेद इथं ताटापर्यंत पोचला होता. मिश्रवंशीय आणि आशियाई कैद्यांना जॅम मिळे, आफ्रिकी कैद्यांना नाही. मंडेलांबरोबर एकाच खटल्यात शिक्षा झालेल्या भारतीय वंशाच्या अहमद कथराडांना लांब पँट, मंडेलांना अर्धी चड्डी! दिवसभर चुनखडीच्या खाणीत कुदळ चालवायची. पांढऱ्याफेक दगडावरून उलटणाऱ्या उन्हानं मंडेलांचे डोळे अधू झाले ते कायमचेच.

अशा जागी कैदी वर्षानुवर्षं एकच मागणं मागत राहिले: आम्हाला फुटबॉल खेळू द्या. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात परवानगी मिळाली. मैदान त्यांनीच सपाट केलं, गोलाला जाळी लावली ती मासेमारीच्या जुन्या जाळ्यांची. तुरुंगाच्या ग्रंथालयात फिफाची नियमपुस्तिका होती. तिच्याबरहुकूम उभी राहिली मकाना फुटबॉल असोसिएशन. १८१९ मध्ये ब्रिटिशांनी याच बेटावर डांबलेला आणि निसटताना समुद्रात बुडालेला खोसा योद्धा मकाना, त्याचं हे नाव.

खेळापेक्षा मला थक्क करतो तो त्यांचा कागदोपत्री काटेकोरपणा. पंचांविरुद्ध तक्रार, खेळाडूची बदली, शिस्तभंगाची सुनावणी, अपील, सगळं लेखी. एका वादग्रस्त गोलवरून ‘अटलांटिक रेडर्स’चे खेळाडू निषेध म्हणून मैदानातच आडवे झाले, तर ते प्रकरण कित्येक महिने चाललं. ज्यांना सरकारनं न्याय नाकारला, ते एकमेकांना नियमानं न्याय देत होते. सुरुवातीला संघ कैद्यांच्या राजकीय पक्षांनुसार होते. ‘मनाँग’नं मात्र पक्ष न विचारता खेळाडू घेतले. संघटनेचे एक अध्यक्ष डिकगांग मोसेनेके. पंधराव्या वर्षी अटक, दहा वर्षांची सजा. हेच मोसेनेके पुढे मुक्त दक्षिण आफ्रिकेचे उपसरन्यायाधीश झाले.

बाहेर त्याच काळात गोऱ्यांच्या फुटबॉल संघटनेला फिफानं आधी निलंबित केलं, १९७६ मध्ये काढूनच टाकलं. कैद्यांच्या मकानाला मात्र २००७ मध्ये फिफाचं मानद सदस्यत्व मिळालं.

१९९५ च्या रग्बी विश्वचषकात सहा नंबरची हिरवी जर्सी घातलेले मंडेला साऱ्या जगानं पाहिले. बेटावर मात्र त्यांना आणि त्यांच्या विभागातल्या साथीदारांना फुटबॉलच्या सामन्यांत खेळायची बंदी होती. काही काळ ते खिडकीतून सामने पाहत. अधिकाऱ्यांच्या ते ध्यानात आलं, आणि त्यांनी मध्ये भिंत बांधली.