प्लास्टिकच्या धुरातील डायॉक्सिन

डायॉक्सिन हे विकण्यासाठी किंवा वापरण्यासाठी बनवले जाणारे रसायन नाही. क्लोरीन असलेला पदार्थ अर्धवट जळला की ते आपोआप तयार होते. कचऱ्याचा पेटवलेला ढीग, तांब्यासाठी जाळलेल्या वायरी, नीट न चालणारी कचराभट्टी ही त्याची नेहमीची उगमस्थाने आहेत. प्लास्टिकच्या धुराने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. डायॉक्सिनचा मात्र त्या वेळी पत्ताही लागत नाही आणि त्याचे परिणाम वर्षानुवर्षे रेंगाळतात.

डायॉक्सिन हे एका संयुगाचे नाव नसून कुळाचे नाव आहे. बेंझिनची दोन वलये ऑक्सिजनच्या दोन अणूंनी जोडली गेली की डायॉक्सिनचा सांगाडा तयार होतो. जोडणारा ऑक्सिजनचा अणू एकच असेल, तर त्या संयुगाला फ्युरान म्हणतात. या सांगाड्यावर क्लोरीनचे अणू किती आणि कुठे बसतात, त्यानुसार ७५ डायॉक्सिन आणि १३५ फ्युरान संभवतात. यांपैकी १७ विशेष विषारी आहेत. त्यांतले सर्वांत जहाल टीसीडीडी हे मापदंड मानून बाकीच्यांची विषारिता ठरवली जाते.

सगळ्या प्लास्टिकमध्ये क्लोरीन नसते. दुधाची पिशवी पॉलिथिलीनची, पाण्याची बाटली पेटची. दोन्हींच्या घडणीत क्लोरीन नाही. पीव्हीसीच्या वजनात मात्र सुमारे ५७ टक्के क्लोरीन असते. पाण्याचे पाइप, विजेच्या वायरींवरील आवरण, रेक्झिन, फ्लेक्सचे फलक, गोळ्यांची पाकिटे, स्वस्त चपला अशा असंख्य वस्तूंत पीव्हीसी आढळते. उकिरड्यावर हे सगळे एकत्र असते. उरलेल्या अन्नातील मिठातूनही थोडे क्लोरीन मिळते. त्यामुळे ‘नुसत्या पिशव्याच तर जाळल्या’ हे समर्थन मिश्र कचऱ्याच्या बाबतीत टिकत नाही. क्लोरीन नसलेले प्लास्टिकही उघड्यावर जाळले की काजळी आणि कर्करोगकारक हायड्रोकार्बन बाहेर पडतातच.

पीव्हीसी तापू लागले की २०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. ओलाव्यात मिसळताच त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते; डोळ्यांची आणि घशाची आग होण्यामागे मुख्यतः तेच असते. डायॉक्सिनची घडण पुढे, धूर निवताना होते. साधारण २०० ते ४५० अंशांच्या टप्प्यात काजळीतील कार्बन, हवेतील ऑक्सिजन आणि सुटलेले क्लोरीन राखेच्या कणांवर एकत्र येतात. तांब्यासारख्या धातूचा अंश असेल, तर ही प्रक्रिया झपाट्याने होते. ज्वाळा विझून ढीग धुमसत राहतो, तेव्हा ही सारी परिस्थिती आयती जुळून येते.

भंगारातील वायरी जाळणे हे याचे ठळक उदाहरण. बारीक वायर हाताने सोलायला वेळ लागतो. आगीत टाकली की आवरण जळून तांबे मोकळे होते. क्लोरीन पुरवणारे पीव्हीसी, प्रक्रियेला वेग देणारे तांबे आणि मंद आग हे तिन्ही घटक इथे एकाच गुंडाळीत असतात. अशा आगीत ज्वाळेच्या कडा हिरव्या-निळ्या दिसतात. तांबे आणि क्लोरीन यांच्या संयुगाचा तो रंग असतो. घानाच्या राजधानीत, आक्रा इथे, अॅग्बोग्ब्लोशीच्या भंगार बाजारात वर्षानुवर्षे अशा वायरी जाळल्या गेल्या. तिथे मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत डायॉक्सिनचे अतिशय मोठे प्रमाण आढळले.

डायॉक्सिन उच्च तापमानात मोडते. म्हणूनच युरोपीय नियमांनुसार कचराभट्टीतील वायू किमान ८५० अंशांवर दोन सेकंद ठेवावे लागतात. क्लोरीनसारखे घटक जास्त असलेल्या घातक कचऱ्यासाठी ही मर्यादा ११०० अंशांची आहे. त्यानंतर धूर झटपट थंड करतात, म्हणजे धोक्याच्या तापमानात तो रेंगाळत नाही. उरलेसुरले विष सक्रिय कार्बन आणि गाळण्या अडवतात. उघड्या आगीला यातले काहीच नसते. अमेरिकेत पिंपात घरगुती कचरा जाळून मोजणी केली, तेव्हा काही डझन घरांच्या पिंपांतून निघणारे डायॉक्सिन दिवसाला सुमारे १८० टन कचरा जाळणाऱ्या सुसज्ज भट्टीच्या तोडीचे असू शकते, असे दिसले.

माणसाच्या शरीरात डायॉक्सिन श्वासापेक्षा अन्नातून जास्त जाते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार हे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे. धुराचे कण चाऱ्यावर आणि मातीवर बसतात. गाय चारा खाते, कोंबडी माती टोचते. डायॉक्सिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत मात्र साठते. त्यामुळे ते दूध, अंडी, मांस आणि मासे यांतून ताटात येते. शरीरात गेलेले टीसीडीडी निम्म्यावर यायला साधारण सात ते अकरा वर्षे लागतात. धोक्याचे माप पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात करतात. तज्ज्ञ समितीने २००१मध्ये सुचवलेली सह्य मात्रा महिन्याला शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे ७० पिकोग्रॅम इतकी आहे.

पेशींमध्ये शिरलेले डायॉक्सिन एका विशिष्ट ग्राहक प्रथिनाला चिकटते आणि अनेक जनुकांचे काम बिघडवते. प्रतिकारशक्ती, संप्रेरके, प्रजनन आणि गर्भाची वाढ यांवर त्याचा परिणाम होतो. १० जुलै १९७६ रोजी इटलीतील सेवेसोजवळच्या रासायनिक कारखान्यातून टीसीडीडीचा ढग बाहेर पडला. हजारो प्राणी मेले आणि सुमारे २०० जणांच्या, मुख्यतः मुलांच्या, त्वचेवर क्लोरॅक्ने नावाचे हट्टी फोड उठले. पुढे अनेक वर्षे त्या लोकांवर लक्ष ठेवून अभ्यास झाले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७मध्ये टीसीडीडीला मानवी कर्करोगकारक ठरवले.

२००१च्या स्टॉकहोम करारात डायॉक्सिन आणि फ्युरान यांचा समावेश झाला. भारताने २००६मध्ये त्याला मान्यता दिली. २०१६च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली आणि भट्ट्यांच्या धुराड्यांसाठी डायॉक्सिनची मर्यादा ०.१ नॅनोग्रॅम प्रति घनमीटर ठेवली. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने साध्या प्रकरणात ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर कचरा जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला. जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी क्लोरीनयुक्त प्लास्टिक जाळण्यास बंदी घातली. त्याच वर्षाच्या जानेवारीत मुंबईतील देवनार कचराभूमीची आग मात्र कित्येक दिवस धुमसत होती. न वेगळा केलेला कचरा साचत गेला, की कोणी न पेटवताही आग लागू शकते.

एकदा पसरलेले डायॉक्सिन गोळा करता येत नाही. त्यामुळे क्लोरीन आगीपर्यंत पोहोचू न देणे हाच खरा उपाय. वायरी यंत्राने सोलल्या, की तांबे जास्त शुद्ध मिळते आणि आवरणही पुन्हा वापरता येते. सुका कचरा वेगळा दिला, की पीव्हीसी बाजूला काढणे सोपे जाते. चूल किंवा शेकोटी पेटवताना प्लास्टिकचा तुकडा, वायर, रेक्झिन किंवा फ्लेक्स वापरू नये. जिथे प्लास्टिक जाळले गेले असेल, तिथली राख शेणखतात किंवा परसात टाकू नये आणि तिथे कोंबड्याही सोडू नयेत.