खालांचा क्लेम आणि फोनमधला मदतनीस

खालांच्या मांडीचे हाड मोडले, मिरजेत ऑपरेशन झाले आणि अल्हम्दुलिल्लाह, आता त्या वॉकर धरून वुजूला जातात. बिल झाले १,४०,००० रुपये. विमा कंपनीने मंजूर केले ८४,०००. उरलेले ५६,००० खालूंनी उसने आणून भरले. पॉलिसीचे चाळीस पानी इंग्रजी पुस्तक घरातच होते. आम्ही दोघेही शिक्षक, पण त्याच्या दुसऱ्या पानापुढे कधी गेलो नव्हतो.

भाचा म्हणाला, ‘‘एआयला विचारा ना.’’ पण कोणत्या? चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड, कोपायलट अशी नावे मुले रोज घेतात. ही विम्यासाठी बनवलेली साधने नव्हेत. निबंधापासून बिर्याणीपर्यंत सगळे सांगणारे हे मदतनीस. म्हणून आम्ही तिघांची परीक्षा घेतली. पेपर तोच, प्रश्न तेच. (सवय जात नाही!)

पहिला प्रश्न मुद्दाम फसवा होता: चष्म्याचा खर्च कोणत्या कलमात आहे? त्या पुस्तकात चष्म्याचा उल्लेखच नव्हता. एकाने कलमाचा क्रमांक देऊन टाकला, तोही मोठ्या ऐटीत. दुसरा म्हणाला, ‘‘तुम्ही दिलेल्या कागदात हे सापडत नाही.’’ वर्गात आम्ही असेच करतो. माहीत नाही म्हणणाऱ्या मुलावर भरवसा ठेवता येतो.

दुसरा प्रश्न जुन्या आजारांचा. त्यांच्यासाठी जास्तीत जास्त किती वर्षे थांबावे लागते? तिसऱ्या मदतनिसाने चार वर्षे सांगितली. हा जुना नियम. एप्रिल २०२४ पासून ही मर्यादा तीन वर्षांवर आली आहे. यंत्राचे वाचन जुने असू शकते, म्हणून नियम विचारताना तारीखही विचारावी आणि विमा नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ताडून पाहावे. भाषेचीही गंमत झाली. मराठीत ‘वजावट’ शब्द वापरला, तर एक महाशय थेट प्राप्तिकरात शिरले.

आता मुख्य हिशेब. खालांचा विमा तीन लाखांचा, खोलीभाड्याची मर्यादा त्याच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. खोली घेतली ५,००० ची, चार दिवस. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली, की कंपनी इतर खर्चही त्याच प्रमाणात कापते. इथे साठ टक्केच देते. ही गोष्ट दाखल होताना आम्हाला कुणी सांगितली नाही आणि आम्हीही विचारली नाही. पण पुस्तकातच लिहिले होते, की औषधे, शरीरात बसवलेली प्लेट-स्क्रू आणि तपासण्या यांना ही कपात लागू नाही. दोघांनी अख्ख्या बिलाचे साठ टक्के करून कंपनीचेच ८४,००० बरोबर ठरवले. ‘सापडत नाही’ म्हणणाऱ्याने मात्र पान आणि कलम दाखवले. आम्ही ते पान उघडून शब्द न् शब्द वाचले, मग कागदावर बेरीज केली: खोलीचे १२,०००, डॉक्टर, ऑपरेशन थिएटर वगैरेंच्या ७०,००० चे साठ टक्के ४२,०००, औषधे, प्लेट, तपासण्यांचे पूर्ण ५०,०००. एकूण १,०४,०००. वीस हजारांचा फरक! मग त्याच मदतनिसाकडून खालूंसाठी सोप्या उर्दूत समजावणी करून घेतली. ती आम्ही आधी वाचली, दोन शब्द दुरुस्त केले.

एक गोष्ट आम्ही आधीच केली होती. बाईमाणसाचे आजारपणाचे कागद ही अमानत आहे. खालांची परवानगी घेतली. नाव, आधार, पॉलिसी क्रमांक, फोन झाकून फोटो काढले. आणि आपले बोलणे यंत्राच्या शिकवणीसाठी वापरू नये, ही सोय सेटिंगमध्ये निवडली. जिथे ती सापडली नाही, तिथे रुग्णालयाचा कागद टाकलाच नाही, फक्त आकडे लिहिले.

विमा घ्यावा की नाही, याबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत. तो सवाल यंत्राला विचारू नये, मुफ्तीसाहेबांना विचारावा. आमच्या मुलीने गंमत म्हणून विचारलाच, तर तिघांनी तीन सुरांत उत्तरे दिली.

आम्ही कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला कलम जोडून अर्ज दिला. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबईत आणि पुण्यात कार्यालये आहेत. फी नाही, वकील नको, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात. मात्र वर्षाच्या आत जावे लागते. आमचा महिना येत्या जुम्म्याला पुरा होतो. दुसऱ्या अर्जाचा मसुदा मदतनिसाने केला, आम्ही तपासला आणि खालूंनी तो स्वतःच्या अक्षरात उतरवून कुलपाच्या कपाटात ठेवला आहे.